लेथचा जड चक बदलतात कसा, आणि त्यात बोटं का सापडतात?

इन्स्टाग्राम उघडलं की दर थोड्या वेळाने लेथ मशीनचं एखादं रील येतंच. लोखंडाची निळसर तापलेली साल गोल गोल होत निघतेय, वरून दुधाळ कूलंट पडतंय, मागे गाणं वाजतंय. बघत राहावंसं वाटतं. पण त्या रीलमध्ये जॉब घट्ट धरून गरगर फिरणारं जे जाडजूड लोखंडी तोंड दिसतं, ते तिथे बसवलं कसं, हे कुणी दाखवत नाही. त्यात बघण्यासारखं काही नसतंच म्हणा. एक माणूस मशीनवर ओणवा झालेला, हात पुढे ताणलेले आणि त्या हातांत पंचवीस-तीस किलोचं लोखंड.

या तोंडाला चक म्हणतात. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या जॉब शॉपमध्ये हा चक काढण्या-घालण्याचं काम रोजचं असतं. आणि ते बहुतेक वेळा ताकदीवर उरकलं जातं. खरं तर या कामात ताकदीपेक्षा लाकडाची एक फळी आणि एक स्वच्छ फडकं यांना जास्त किंमत आहे. कशी, ते बघू.

चक बदलायची वेळ येतेच का?

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर राहून त्याला कापतं. फिरणाऱ्या जॉबला धरून ठेवतो तो चक. सगळ्यात जास्त दिसतो तो थ्री-जॉ. चाबी फिरवली की आतली सर्पिल आट्यांची चकती फिरते आणि तिन्ही जॉ एकदम आत-बाहेर सरकतात. गोल किंवा षटकोनी बार टाकला की आपोआप मध्यावर येतो. काम झटपट होतं.

फोर-जॉमध्ये प्रत्येक जॉ स्वतंत्र सरकतो. चौकोनी जॉब, वेडंवाकडं कास्टिंग, मध्यापासून मुद्दाम बाजूला पाडायचं भोक, अशी कामं त्याच्यावर होतात. शिवाय थ्री-जॉ कितीही चांगला असला तरी जॉब काही शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे जातोच. फोर-जॉवर डायल लावून, एकेक जॉ सैल-घट्ट करत तीच चूक ०.०१ मिमीपर्यंत आणता येते. ज्याला हे दोन मिनिटांत जमतं त्या टर्नरला शॉपमध्ये मान असतो, आणि तो असायलाच हवा.

म्हणजे काम बदललं की चक बदलायला हवा. पण चक जड असतो. मग "आजचा दिवस थ्री-जॉमध्येच धरू कसंतरी" असं होतं. वेडावाकडा जॉब तीन जॉमध्ये अर्धवट पकडला जातो आणि फिरताना सुटतो. चक बदलायचा कंटाळा हा निव्वळ आळसाचा मामला नाही. त्यातून अपघात होतात.

वजन नेमकं किती असतं?

अंदाज घरबसल्या काढता येतो. २५० मिमी व्यासाचा आणि साधारण ९० मिमी जाडीचा चक घ्या. भरीव धरला तर त्याचं आकारमान होतं सुमारे ४.४ लिटर. पोलादाचं एक लिटर म्हणजे ७.८५ किलो. झाले जवळपास ३५ किलो. मधलं भोक आणि जॉच्या खाचा वजा केल्या तर २८ ते ३० किलो उरतात. याच पद्धतीने २०० मिमीचा चक १५-१६ किलोच्या घरात येतो आणि ४०० मिमीचा ८०-९० किलोच्या. व्यास दुप्पट झाला की वजन दुप्पट होत नाही. जाडी तीच राहिली तरी ते चौपट होतं, आणि जाडीही वाढतेच.

तीस किलो म्हणजे काय मोठंसं, सिमेंटची गोणी ५० किलोची असते, असं कुणी म्हणेल. पण गोणी पाठीवर घेतात, अंगाला चिकटवून. लेथसमोर उभं राहिलं की तुमच्या पोटापुढे चिप ट्रे येतो, मग बेड येतो, आणि स्पिंडलचा मध्य तुमच्यापासून हातभर लांब राहतो. ब्रिटनची सुरक्षा यंत्रणा एचएसई पुरुष कामगारासाठी कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरलेल्या वजनाला २५ किलोचा ढोबळ आकडा देते. हात पुढे ताणले की तोच आकडा १५ किलोवर येतो. बायकांसाठी हेच आकडे १६ आणि १० किलो आहेत. म्हणजे २०० मिमीचा, "हा काय, एका हाताने उचलतो" वाला चकसुद्धा या हिशोबात काठावरच बसतो.

शरीराचं गणित आणखी कडक आहे. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात. चक मणक्यापासून ६० सेंटिमीटर लांब असेल तर ही तरफ बारास एक होते. २८ किलोच्या चकसाठी पाठीला सव्वातीनशे किलोहून जास्त ओढ द्यावी लागते, तेही तुमच्या धडाचं स्वतःचं वजन न धरता. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ३४ नेही हेच सांगितलं होतं: इजा होण्याची शक्यता असेल इतकं जड वजन कामगाराला उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये. "पोरगा तगडा आहे" हे त्यावरचं उत्तर नाही.

स्पिंडलला चक अडकतो कसा?

याचे प्रकार आहेत, आणि प्रकारानुसार धोका बदलतो.

जुन्या आणि छोट्या लेथवर स्पिंडलच्या तोंडाला आटे असतात. चक बाटलीच्या झाकणासारखा फिरवून बसवायचा. कापताना जोर ज्या दिशेने येतो त्याने तो आणखी आवळत जातो. मात्र मशीन उलटं फिरवलं किंवा जोरात ब्रेक मारला तर चक स्वतःच्या गतीने उलगडून बाहेर येऊ शकतो. म्हणून अशा मशीनवर उलट्या दिशेने काम करताना जास्त जपावं लागतं. आणि असा चक मोटर चालू करून कधीच चढवायचा नाही, स्पिंडल हातानेच फिरवायचा.

दुसरा प्रकार लांब निमुळत्या नाकाचा. त्यात एक चावी, म्हणजे लोखंडी पट्टी, फिरकीचा जोर घेते आणि मागची मोठी रिंग नट चकला आत ओढून धरते. ती आकडी पान्याने आवळतात. सीएनसीवर बहुधा चक सरळ बोल्टने बसवलेला असतो आणि तिथे रोज चक बदलत नाहीत, जॉ बदलतात.

तिसरा म्हणजे कॅमलॉक. मध्यम आकाराच्या लेथवर आज हा खूप दिसतो. चकच्या पाठीला स्टड असतात, ते स्पिंडलच्या फ्लँजमधल्या भोकांत जातात, आणि बाजूने चौकोनी चाबीने कॅम फिरवला की तो स्टडला आत खेचतो. याला डी१ मालिका म्हणतात. डी१-४ ला तीन स्टड, डी१-६ ला सहा. यात मशीन दोन्ही दिशांना फिरवलं तरी चक सुटत नाही. पुढचं सगळं डी१-६ आणि २५० मिमी चक डोळ्यांसमोर ठेवून सांगतो.

आधी स्विच, मग फळी

मेन स्विच बंद. मशीनवरचं लाल बटण पुरेसं नाही, भिंतीवरचा मेन पाडायचा. लेथच्या लिव्हरला कोपर लागून स्पिंडल फिरल्याचे प्रकार होतात आणि त्या वेळी तुमचा हात चकवर असतो. टेलस्टॉक आणि कॅरेज लांब उजवीकडे सरकवा. टूलपोस्टवरचं हत्यार काढून ठेवा, नाहीतर चक ओढून घेताना मनगट नेमकं त्याच्यावर जातं. जॉ आत घेऊन बंद करा, म्हणजे ते अधेमधे लोंबणार नाहीत.

आता फळी. बेडवर किमान एक लाकडी फळी हवी, कारण चक हातातून निसटला तर सर्वात आधी बेडच्या घासून काढलेल्या पट्ट्यांवर पडतो. तिथे पडलेला खड्डा मशीनच्या आयुष्यभर राहतो. त्याहून बरी लाकडी बैठक. लाकडाचा ठोकळा घ्यायचा, खालून बेडच्या व्ही पट्ट्यांवर बसेल अशी खाच करायची, वरून चकच्या गोलाईची वाटी कोरायची. उंची काढायला अवघड नाही. बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, त्यातून चकची त्रिज्या वजा करा. मध्य २०० मिमीवर असेल आणि चक २५० चा असेल तर वाटीचा तळ ७५ मिमीवर यायला हवा. तो एक-दोन मिलिमीटर खालीच ठेवा. चक बैठकीवर असतानाही स्पिंडल हाताने फिरला पाहिजे, नाहीतर सगळे कॅम चाबीसमोर आणता येणार नाहीत. शेवटचा कॅम सोडण्याआधी त्या फटीत पुठ्ठ्याचे तुकडे सारले की सगळं वजन बैठकीवर येतं.

आपल्याकडच्या बऱ्याच लेथना गॅप बेड असतो, म्हणजे हेडस्टॉकजवळचा बेडचा तुकडा काढता येतो, मोठा जॉब फिरवायला. तो तुकडा काढलेला असेल तर बैठक नेमकी जिथे हवी तिथेच खड्डा. तेव्हा आधी जाड फळी आडवी टाकून गॅप बुजवून घ्या.

एक वापरातली युक्ती अशीही आहे: चकच्या जॉमध्ये एक लांब गोल बार पकडायचा, त्याचं मागचं टोक स्पिंडलच्या भोकात जाईल असा. चक अचानक निघाला तरी बारमुळे तो थेट खाली कोसळत नाही. युक्ती चांगली आहे, पण बैठकीऐवजी नाही, बैठकीसोबत.

चक ३१५ मिमी किंवा त्याहून मोठा असेल तर हाताचा विषयच सोडा. चेन ब्लॉक किंवा छोटी जिब क्रेन लावा. बऱ्याच मोठ्या चकच्या घेरावर आयबोल्टसाठी आटेवालं भोक दिलेलं असतं. आयबोल्ट पूर्ण टेकेपर्यंत बसवा. आणि चक बसला की तो आयबोल्ट आठवणीने काढा. राहिला तर मशीन चालू होताच चकच्या घेरावर एक लोखंडी कडी फिरू लागते आणि समोर येईल त्याला झोडपते.

बोटं नक्की कुठे सापडतात?

दोन जागी. एक, चकची पाठ आणि स्पिंडलची फ्लँज यांच्यामधल्या फटीत. चक जवळ नेताना तो शेवटच्या काही मिलिमीटरला एकदम आत बसतो. दुसरी जागा मधलं भोक. छोटा चक उचलायला सोपा पडतो म्हणून माणसं भोकात बोटं घालून तो धरतात. मग चक स्पिंडलच्या नाकावर सरकतो आणि बोटं आतच असतात. धरायचं ते बाहेरच्या घेराला, आणि तेही बैठकीवर ठेवून नुसतं ढकलायला. बैठक असेल तर चक उचलायची गरजच उरत नाही. तो टेबलावरून ताट सरकवावं तसा सरकतो.

पुसायचं काय एवढं?

माझ्या मते या सगळ्या कामात पुसण्याइतकं महत्त्वाचं काही नाही, आणि सगळ्यात जास्त टाळतात तेही हेच. कॅमलॉकमध्ये चक एकाच वेळी दोन जागी टेकतो: निमुळत्या नाकावर आणि सपाट फ्लँजवर. दोन्ही एकदम टेकावेत अशीच मापं ठेवलेली असतात. म्हणजे मध्ये काहीही आलेलं चालत नाही.

समजा, फ्लँजच्या एका कडेला ०.०५ मिमी जाडीचा लोखंडाचा कीस राहिला. साध्या कागदाच्या अर्ध्या जाडीइतका. डी१-६ ची फ्लँज साधारण १८० मिमीची असते. त्या तिरकेपणामुळे चकपासून २०० मिमी बाहेर जॉबचा मध्य सुमारे ०.०५५ मिमी सरकतो, आणि फिरवून डायल लावली की काटा ०.११ मिमी हलतो. बेअरिंगची जागा कापत असाल तर जॉब गेला. मग चकला नावं ठेवली जातात, मशीनला ठेवली जातात, आणि दोष असतो त्या किसाचा.

कॉटन वेस्टने पुसलं तर त्याचेच धागे मागे राहतात. धागे न सुटणारं सुती फडकं बरं. आधी ब्रशने कीस झटका, मग स्टडची भोकं साफ करा, मग नाक आणि फ्लँज पुसा, आणि शेवटी उघड्या बोटाने सावकाश फिरवून बघा. डोळ्यांना न दिसणारं खरखरीतपण बोटाला कळतं. चकच्या पाठीलाही हेच करा. कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह होतो, पण ती कीस चकच्या आत आणि तुमच्या डोळ्यांत ढकलते.

स्पिंडलवर आणि चकवर एकेक खूण ठोकलेली असेल तर ती समोरासमोर आणून चक दरवेळी त्याच जागी बसवा. नसेल तर आजच करून ठेवा.

कॅम किती आवळायचा?

प्रत्येक कॅमवर एक रेघ असते. ती स्पिंडलवरच्या रेघेसमोर, म्हणजे घड्याळातल्या १२ वर असेल तेव्हा कॅम उघडा असतो. सगळे कॅम असे केल्यावरच चक आत जातो. मग घड्याळाच्या दिशेने आवळायचं. नीट आवळल्यावर ती रेघ ३ आणि ६ च्या मध्ये थांबायला हवी. एका बाजूने ओळीने नाही, तर एक कॅम, मग त्याच्या समोरचा. आधी सगळे हलके, मग दुसऱ्या फेरीत पक्के.

रेघ ६ च्या पुढे जात असेल तर स्टड जास्त बाहेर आला आहे, तो एक पूर्ण फेरा आत घ्या. ३ च्या आधीच कॅम अडत असेल तर स्टड एक फेरा बाहेर काढा. पान्याला पाइप लावून "बसतोय कसा नाही" करत आवळण्याने हा प्रश्न सुटत नाही, कॅम तुटतो. दुसऱ्या मशीनचा चक आणून बसवताना हे हमखास तपासावं लागतं, कारण स्टड त्या दुसऱ्या स्पिंडलच्या मापाने लावलेले असतात.

चक निघतच नसेल तर?

कॅमलॉकमध्ये सगळे कॅम उघडल्यावरही चक नाकावर चिकटून राहतो, कारण तो निमुळत्या जागी दाबून बसलेला असतो. लाकडी किंवा तांब्याच्या हातोड्याने घेरावर मागच्या बाजूने दोन-तीन ठोके द्या, प्रत्येक वेळी स्पिंडल थोडा फिरवून. तो एकदम सुटतो. म्हणून बैठक पहिल्या कॅमच्या आधी ठेवायची.

आट्यांवरचा चक महिनोन्महिने काढला नसेल तर तो गच्च बसतो. इथे बॅकगिअर अडकवून चकवर घण मारायची पद्धत आहे, आणि त्यात गिअरचे दात जातात. त्यापेक्षा जॉमध्ये जाड षटकोनी बार पकडा आणि त्याला लांब पाना लावून सावकाश जोर द्या. आदल्या रात्री आट्यांत पातळ तेल सोडलं तर निम्मं काम झालेलं असतं.

चाबीचं काय करायचं?

नियम एका ओळीचा आहे: चाबी चकमध्ये असेल तोवर हात चाबीवर, हात सुटला की चाबी बाहेर. चकमध्ये विसरलेली चाबी मशीन चालू होताच गोळीसारखी सुटते किंवा बेडवर आपटते. दाब सोडला की आपोआप बाहेर पडणाऱ्या स्प्रिंगच्या चाब्या मिळतात. टर्नर त्यांना वैतागतात, कारण दरवेळी दाबून धरावं लागतं. स्प्रिंग त्यासाठीच तर असते. कॅमलॉकवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवायची: तिथे चाब्या दोन असतात, एक जॉची आणि एक कॅमची. जॉची काढायची सवय असते, कॅमची राहून जाते.

चालू मशीनजवळ हातमोजे, अंगठी, लांब बाही, ओढणी यातलं काहीही नको. आणि चक बदलताना पायात चप्पल नको. हे लिहायला लागू नये, पण कुठल्याही शॉपमध्ये खाली बघा.

बसला, आता चालू करायचं?

थेट वेगात नाही. आधी मेन पाडलेला असतानाच हाताने एक पूर्ण फेरा द्या, जॉ कॅरेजला किंवा बेडला लागत नाहीत ना ते बघा. बैठक, फळी, पुठ्ठे बाहेर काढा. मग मेन चालू करून सगळ्यात कमी वेगावर, चकच्या रेषेतून बाजूला उभं राहून सुरू करा. पहिले एक-दोन जॉब झाले की मशीन बंद करून कॅम पुन्हा तपासा.

चकवर कमाल आरपीएम कोरलेला असतो. तो पाळायचा, कारण फिरताना जॉ बाहेर फेकले जायला बघतात आणि पकड सैल होते. मध्यापासून ८ सेंटिमीटरवर असलेला एक किलोचा जॉ १००० आरपीएमला सुमारे ९० किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो. २००० ला तो जोर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे साडेतीनशे किलोच्या पुढे. बीडाच्या बॉडीचा चक पोलादी चकपेक्षा कमी वेगासाठी असतो. दोन्ही रंगाने सारखेच दिसू शकतात, त्यामुळे अक्षरं वाचायची.

काढलेला चक जमिनीवर टाकू नका. लेथशेजारी, स्पिंडलच्या जवळपास उंचीवर एक मजबूत फळकुट करून त्याच्या लाकडी बैठकीसकटच ठेवा. म्हणजे पुढच्या वेळी तो जमिनीवरून उचलायचा नसतो, फक्त सरकवायचा असतो. पाठ वर करून ठेवला तर त्यावर फडकं झाका, नाहीतर शेजारच्या ग्राइंडरची धूळ नेमकी त्या पुसलेल्या जागेवर जाऊन बसते.

सेकंडहँड लेथ घ्यायला निघाला असाल तर चक काढून दाखवायला सांगा. स्पिंडलच्या नाकावर आणि फ्लँजवर ठोक्यांचे उंचवटे आहेत का, आटे झिजलेत का, कॅमच्या रेघा ३ ते ६ मध्ये थांबतात का, हे तिथेच कळतं. बेडवर हेडस्टॉकच्या खाली बोट फिरवा. तिथे अर्धगोल खड्डे लागले तर या मशीनवर चक किती वेळा हातातून पडला, ते मोजता येईल.